पाटी, गल्ला, मोरी

लंडनमध्ये 'इंडियन रेस्टॉरंट' अशी पाटी वाचून आत गेलात आणि मालकाला गाव विचारलंत, तर बहुतेक वेळा तो सिलहट सांगेल. सिलहट भारतात नाही, बांगलादेशात आहे. पाटी भारताची, मालक बांगलादेशी, खाणारा गोरा. आणि ताटात जे चिकन टिक्का मसाला येतं ते सिलहटात कुणाच्या आईनं कधी रांधलेलं नाही. ब्रिटनमधली बहुसंख्य 'इंडियन' हॉटेलं कित्येक वर्षं अशीच चालत आलीत. आपल्याकडचा शिकलेला माणूस हे ऐकून हसतो. म्हणतो, सगळी बनवाबनवी. मला हसू आलं नाही. तिसरी पाळी सुटली की मी सकाळी वाचनालयात जाऊन बसतो, तिथं हे हाताला लागलं, आणि तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय, की हॉटेल कुणाचं म्हणायचं? ज्याच्या मुलखाचं नाव पाटीवर आहे त्याचं, जो गल्ल्यावर बसतो त्याचं, जो भट्टीपुढं करपतो त्याचं, का मागं मोरीवर भांडी घासणाऱ्याचं?

आपल्यातले काही म्हणतील, लंडनच्या हॉटेलांशी आपला काय संबंध? आधी आपल्या गावच्या टपरीवरची वेगळी कपबशी फोडा. दोस्तांनो, ती फोडायचीच आहे. पण कपबशी फुटल्यावर पुढं काय, हे ज्यांच्या हाताचं सगळं जग खातंय त्यांच्याकडं बघितल्याशिवाय कळायचं नाही.

सिलहटचा माणूस लंडनला हॉटेल काढायला गेला नव्हता. तो गेला आगबोटीच्या पोटात बसून. गोऱ्यांच्या बोटींवर इंजिनखोलीत भट्टीत कोळसा लोटायचं काम सिलहटी खलाशांच्या वाट्याला असायचं. ती आग आमच्या रिंग खात्यात मे महिन्यात उभं राहणाऱ्याला थोडीफार कळेल. लंडनच्या गोदीत बोट लागली की त्यातले काही जण पळून जायचे आणि गावात मिळेल त्या हॉटेलात बटाटे सोलायला, भांडी घासायला लागायचे. त्याआधी तिथं हिंदुस्थानी जेवण विकलंच गेलं नव्हतं असं नाही. १८१० साली पाटण्याच्या दीन मोहम्मदनं 'हिंदुस्थानी कॉफी हाऊस' काढलं, ते १८१२ पर्यंत दिवाळ्यात निघालं. १९२६ साली एडवर्ड पामरनं 'वीरास्वामी' काढलं. पण ती हिंदुस्थानात साहेबी करून परतलेल्यांच्या जिभेची सोय होती. करी गल्लीबोळात नेली ती या पळालेल्या खलाशांनी. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बनं खिळखिळी झालेली मासे-बटाट्याची छोटी दुकानं त्यांनी चौघांत पैसे घालून घेतली. आधीचे मासे-बटाटे तसेच चालू ठेवले, बाजूला भात आणि रस्सा ठेवला. दारूचे गुत्ते रात्री अकराला बंद व्हायचे, यांनी दुकान त्यानंतरही उघडं ठेवलं. झिंगलेला गोरा कामगार बाहेर पडायचा, तर उघडं असायचं ते यांचंच आणि स्वस्तही तेच. त्यानं करी खाल्ली ती हिंदुस्थानच्या प्रेमानं नव्हे. १९६२ साली इंग्लंडनं बाहेरून येणाऱ्यांवर कायदा घातला, कामाचा परवाना लागू केला, तेव्हा आधी गेलेल्यांनी भाऊ, पुतणे, गाववाले परवान्यावर बोलावून घेतले. अशी एकेक भट्टी एकेका गावाची झाली.

आता पाटीचं बघा. सिलहट इंग्रजांच्या राज्यात आसाम प्रांतात होतं. जुलै १९४७ मध्ये तिथं सार्वमत झालं आणि ते पाकिस्तानात गेलं. १९७१ साली बांगलादेश झाला. हॉटेलवाला जागचा हलला नाही, त्याचा देश दोनदा बदलला, आणि पाटी 'इंडियन'ची 'इंडियन'च राहिली. नावं कसली, तर ताजमहाल, कोहिनूर. ज्याच्या बापानं आग्रा बघितलं नाही त्याच्या डोक्यावर ताजमहाल. यात मला लबाडी दिसत नाही. गोऱ्याच्या डोक्यात 'इंडिया' नावाचं एक चित्र होतं, राजेमहाराजांचं, हत्तींचं. त्या चित्राला गिऱ्हाईक होतं. सिलहटच्या चिखलातल्या भातशेतीला गिऱ्हाईक नव्हतं. माणसानं विकायचं काय? खरी गोष्ट त्या हॉटेलाच्या मागच्या बाजूला आहे. दुपारी गिऱ्हाईक नसताना तिथले कामगार स्वतःसाठी वेगळं कालवण करतात. साधं, पातळ, हाडाचं मटण नाहीतर मासा, कधी सातकोरा नावाचं सिलहटी लिंबू घालून, कधी शुटकी म्हणजे सुकी मासळी. ते कालवण कार्डावर नसतं. ज्याची खरी चव आहे ते मागं, आणि जे कुणाच्याच घरचं नाही ते पुढं. २००१ साली इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ असल्याचं जाहीर भाषणात सांगितलं. शुटकीबद्दल ते बोलले नाहीत.

हे वाचताना मला चान्या आठवल्या. वाळवणीवर वाळणाऱ्या चान्या, वास दाबायला लावलेलं दार. महाराष्ट्रात 'मराठमोळं जेवण' म्हणून पाटी लागते तिच्याखाली पुरणपोळी मिळते, थालीपीठ मिळतं, तांबडा-पांढरा मिळतो. आपल्या आईचं जेवण कुठल्या पाटीखाली मिळतं? शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून ते निदान कागदावर आणलं. हॉटेलच्या कार्डावर अजून आलेलं नाही.

पण माझा मुद्दा चवीचा नाही. मुद्दा असा, की एखाद्याच्या हाताचं खाल्लं म्हणजे त्याला माणूस मानलं का?

आपल्याकडं सुधारकांनी सहभोजनं लई घातली. अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची घातली. त्यांच्या हेतूवर मी थुंकत नाही. पण बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये सांगून ठेवलंय की नुसत्या सहभोजनानं जात मरत नाही. मला हे आधी नुसतं पाठ होतं. लंडनची गोष्ट वाचल्यावर पटलं. कारण तिथं रोजच सहभोजन चाललेलं होतं. गोरे लोक खालच्या मानलेल्या काळ्या माणसाच्या हाताचं रोज रात्री मिटक्या मारत खात होते. आणि त्याच रात्री त्याच वेटरला शिव्या घालत होते, बिल न देता पळत होते. ४ मे १९७८ ला लंडनच्या व्हाईटचॅपलमध्ये अल्ताब अली नावाच्या पंचविशीतल्या बंगाली पोराला टोळक्यानं भोसकून मारलं. तो हॉटेलात नव्हता, कपडे शिवायच्या कारखान्यात होता, काम सुटून घरी चालला होता. आपल्यासारखाच कापडातला कामगार. त्याची शवपेटी पुढं घेऊन हजारो बंगाली पंतप्रधानांच्या दारापर्यंत चालत गेले. ज्या बागेजवळ तो मेला तिला १९९८ पासून त्याचं नाव आहे. त्याला मारणाऱ्यांना करी आवडत होती का नव्हती मला माहीत नाही, आणि आवडत असती तरी हात थांबला असता असं मला वाटत नाही. पोटातून जाणारं काळजापर्यंत जातंच असं नाही.

आता मुंबईकडं या. मुंबईतही परमुलखातून आलेल्यांनीच हॉटेलं काढली. इराण्यांनी काढली आणि दक्षिण कानड्यातून आलेल्या तुळू बोलणाऱ्या लोकांनी उडुपी काढली. लंडनच्या आणि या उडुपीच्या गोष्टीत मला जो फरक दिसला तो आपण नीट धरायला पाहिजे. उडुपीचं मूळ मठात आहे. तिथल्या कृष्णमठांच्या भटारखान्यात रांधणारे शिवळ्ळी ब्राह्मण. त्यांच्या हाताला सोवळ्याचा वास. शहरात हॉटेल काढायचं तर जातवाल्या देशात पहिला सवाल येतो की कुणाच्या हाताचं कोण खाणार. ब्राह्मणाच्या हाताचं सगळ्यांना चालतं, बाकी कुणाच्याही हाताचं सगळ्यांना चालत नाही. म्हणजे त्याची जात हेच त्याचं भांडवल. इतरांना तसलं भांडवल कर्ज काढूनसुद्धा मिळत नाही. पाटीवर 'ब्राह्मण' शब्द लिहिला जायचा तो काय देवभक्तीनं? तो मालाचा शिक्का होता, तुपाच्या डब्यावर 'शुद्ध' लिहितात तसा. १९५७ साली मद्रासमध्ये पेरियारच्या कार्यकर्त्यांनी ट्रिप्लिकेनच्या मुरली कॅफेच्या पाटीवरून तो शब्द काढावा म्हणून कित्येक महिने रोज निदर्शनं केली, तुरुंगात गेले. बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं त्यांनी. आणि ज्या मठाची ही चव, तिथं ब्राह्मणांची पंगत वेगळी बसते म्हणून २०१४ सालीसुद्धा लोकांना रस्त्यावर यावं लागलं. हात पवित्र, पण त्या हाताशेजारी बसून जेवता येत नाही.

हे खरं की उडुपी हॉटेलात फडकं मारायला आलेली कितीतरी पोरं रात्रशाळेत शिकली, पुढं मालक झाली. नंतर शेट्टी आले. हे बंट, जमीनदार जात. १९७४ च्या कर्नाटकातल्या कूळकायद्यानं जमिनी कुळांकडं गेल्या तसे आणखी आले. घाम त्यांनीही गाळला, नाकारत नाही. १९६६ नंतर 'परप्रांतीय' म्हणून त्यांच्या काचा फोडणाऱ्यांच्या बाजूनं मी उभा राहणार नाही. काचा फोडणाऱ्यांनी एकदाही विचारलं नाही की मराठी हॉटेलाच्या भट्टीपुढं महाराचा पोर चालेल का.

माझा मावसभाऊ तालुक्याच्या गावी एका हॉटेलात सहा वर्षं मोरीवर होता. मालक मराठी, आपल्याच जिल्ह्यातला. एकदा वस्ताद आजारी पडला, तर यानं तीन दिवस मिसळीचा कट केला. गिऱ्हाईक वाढलं. चौथ्या दिवशी शेठनं सहज विचारल्यासारखं पूर्ण नाव विचारलं. भांडण नाही, शिवी नाही. पाचव्या दिवशी भाऊ परत मोरीवर. भांडी त्याच्या हातची चालत होती, कारण ती पाण्यानं धुतली जातात.

गिरणीतल्या जुन्या माणसांना हा हिशोब पाठ आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना साचेखात्यात घेत नसत, कारण धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे. त्याची थुंकी धोट्याला लागली तर बाकीचे विणकर बाटणार. साचेखात्यात पगार जास्त. आपल्या माणसाला रिंग खातं. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल मांडला तेव्हा लाल बावट्याचे पुढारी अडखळले. मी आज सूतगिरणीत रिंगवरच आहे. आता धोटा तोंडानं ओढत नाहीत, यंत्रं बदलली. पण उष्ट्याचा तो नियम हॉटेलाच्या भट्टीपाशी जाऊन बसलाय असं मला दिसतं.

म्हणून लंडनच्या त्या पळालेल्या खलाशाचा मला क्षणभर हेवा वाटला. तो मोरीवरून भट्टीवर गेला, भट्टीवरून गल्ल्यावर गेला, आणि ते एका आयुष्यात. गोऱ्याला तो खालचाच वाटत होता, पण गोऱ्यानं त्याचा हात बघितला नाही, किंमत बघितली. तिथं अपमान होता, विटाळ नव्हता. विटाळ नसला की खालचा माणूस मालक होऊ शकतो. आपल्याकडं ती वाट एक राजा उभा राहिला तेव्हा उघडली. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळेंना कोल्हापुरात हॉटेल काढून दिलं, स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्याले आणि बरोबरच्या सरदारांना पाजला. ही गोष्ट आपण जयंतीला सांगतो ती चहाची म्हणून सांगतो. मला त्यात गल्ला महत्त्वाचा वाटतो. महाराजांनी गंगारामला पंगतीत बसवून फोटो काढला नाही, त्याला मालक केलं.

पण हेवा क्षणभरच टिकला. कारण पुढं वाचलं तर गल्ल्यावर बसलेला तोच खलाशी, त्याच्या मोरीवर त्याच्याच गावचा पोरगा. हॉटेलच्या माडीवर एका खोलीत दाटीवाटीनं झोपायचं, खाणं-राहणं पगारातून वळतं, पगार हातावर, कागद नाही. पोलिसात जावं तर परवान्याची भीती. मालक 'चाचा'. चाचाविरुद्ध युनियन कशी काढायची? गावी त्याच्या बापाचं कर्ज चाचानंच फेडलेलं असतं. गोरा मालक असता तर शिवी देऊन निघाला असता. आपल्या माणसाच्या उपकाराला शिवी देता येत नाही. आणि सिलहटी म्हटले म्हणजे सगळे सारखे असंही नाही. तिथल्या मुसलमानांत माइमल म्हणून मासे धरणारी जमात आहे, तिला बाकीचे खालची मानतात. इस्लामात जात नाही म्हणतात, आणि सोयरीक करताना बरोबर विचारतात.

सगळ्या जगात हेच आहे. न्यूयॉर्कचे अभ्यासक कृष्णेंदु राय यांचं २०१६ चं पुस्तक आहे, त्यात त्यांनी दाखवलंय की हॉटेलातल्या जेवणाला लोक किती पैसे मोजतात हे त्या जेवणाच्या माणसांची पायरी कुठली यावर ठरतं. फ्रेंच, जपानी महाग. चिनी, मेक्सिकन, हिंदुस्थानी स्वस्त. आणि महागड्या फ्रेंच हॉटेलाच्या भटारखान्यात डोकावलं तर चिरायला, शिजवायला, घासायला मेक्सिकोकडचेच हात. अमेरिकेत जपानी सुशीची कितीतरी दुकानं चिनी आणि कोरियन लोक चालवतात, कारण जपानी पाटीला दोन पैसे जास्त मिळतात. पाटीलाही जात असते, एवढंच त्याचं मराठी भाषांतर.

हे सगळं आत्ता का लिहितोय? आपल्या गटानं बचतीतून एमआयडीसीच्या फाटकासमोर नाश्ता सेंटर काढायचं ठरवलंय. चांगली गोष्ट आहे. नोकऱ्या नाहीत, गिरण्या कंत्राटावर चालल्यात, नुसत्या घोषणांवर किती दिवस जगायचं. पण दोन महिने भांडण चाललंय ते पाटीवर. एक बाजू म्हणते पाटीवर भीमाईचं नाव पाहिजे, लपवायचं दिवस गेले. दुसरी म्हणते 'कोल्हापुरी' लिहा, आडनाव कळलं की फाटकातले अर्धे लोक पलीकडच्या गाड्यावर जातील. दोघांचंही खोटं नाही. 'इंडियन' लिहिणाऱ्या सिलहटवाल्याला मी लबाड म्हणालो नाही, तसं 'कोल्हापुरी' लिहिणाऱ्यालाही म्हणणार नाही. मला विचाराल तर नाव आपलं असावं. लपवलेलं नाव पोराला वारशात जातं आणि पोरगं मग दुसऱ्याचंही नाव विचारायला लागतं. तरी पण पाटीसाठी मी गट फोडणार नाही. भीमाईची पाटी आणि आत मोरीवर उपाशी पोऱ्या, हे 'ताजमहाल'पेक्षा वाईट खोटं होईल.

१९३८ साली मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढं बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पाटीवर पहिल्याशी लढतोय आणि दुसऱ्याचा विषय बैठकीत निघाला की सगळ्यांना चहा आठवतो. माझं म्हणणं सरळ आहे. मोरीवाल्याचा पगार आधी कागदावर लिहा. गल्ल्यावर आळीपाळीनं बसायचं, मोरीवरही आळीपाळीनं, सेक्रेटरीसुद्धा. जो वर्षभर राबेल त्याला भागीदारीत घ्यायचं, मग तो बचतीत होता का नव्हता विचारायचं नाही. हे ऐकून आपलेच काही म्हणाले, धंदा असा चालत नाही. असेल. त्या चार खलाशांनी पैसे एकत्र करून पहिलं दुकान घेतलं तेव्हा त्यांचाही असाच चालला असणार. बिघडलं ते पाचवा माणूस आणला तेव्हा.

आपला पाचवा माणूस मागच्या बैठकीत ठरवून झालाय. भट्टीवर कोण, गल्ल्यावर कोण, यावर दोन तास आवाज चढले. मोरीवर कोण म्हटल्यावर सगळे गप्प. मग एकानं हळूच मांगवाड्यातल्या एका पोराचं नाव घेतलं. गरीब आहे, सांगेल ते करतो, म्हणाला. माना हलल्या. बौद्ध म्हणवणाऱ्या पंधरा माना. मी विचारलं, तोच का? कुणी बोललं नाही. येत्या रविवारी पुन्हा विचारणार आहे. तोवर पेंटरला पाटी रंगवायला देऊ नये.